दैवाचा कौल, कन्येचा होकार

आमच्या समाजात एखादे लग्न जमले की घरातले वडीलधारे माणूस समाधानाने म्हणते, "ब्रह्मगाठच होती ती." लग्न मोडले तर तेच माणूस तितक्याच शांतपणे म्हणते, "योग नव्हता." वीस वर्षांहून अधिक काळ वकिली करताना ही दोन्ही वाक्ये मी असंख्य वेळा ऐकली आहेत, आणि दुःखी माणसाला सावरण्याचे त्यांतील सामर्थ्य मी कधी कमी लेखलेले नाही. परंतु वकिलाला धंद्याने लावलेली एक सवय असते. दस्तऐवज हाती आला की मजकुरात शिरण्यापूर्वी तो शेवटचे पान उलटून सह्या पाहतो. ब्रह्मगाठीचा दस्त असा उलटून पाहिला, तर त्यावर विधात्याची सही दिसते, ग्रहांची साक्ष दिसते, दोन्हीकडच्या वडिलांची मान्यता दिसते. जिच्या जन्माला ती गाठ पडावयाची, त्या कन्येची सही कोठे असते?

हा प्रश्न माझ्या मनात नव्याने जागा झाला, तो एखाद्या स्मृतिग्रंथामुळे किंवा न्यायालयाच्या निवाड्यामुळे नव्हे. माझी कन्या महाविद्यालयात शिकते. तिच्या उशाशी गेली दोन वर्षे जाडजूड इंग्रजी कादंबऱ्यांची चळत वाढत आहे. त्या कादंबऱ्यांतील नायक-नायिका पुरती माणसे नसतात. इंग्रजीत त्यांना 'एल्फ' म्हणतात; काही लेखिका 'फे' असेही म्हणतात. युरोपातील जुन्या लोककथांतून आलेली ही जात आपल्या गंधर्वांच्या फार जवळची आहे. रूपवान, गाण्याची भोक्ती, अरण्यात रमणारी, आणि माणसाच्या मानाने जवळजवळ अमर. गंधर्व हा शब्द आठवला की धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्याला मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायातील आठ विवाह आठवल्यावाचून राहत नाहीत. त्यांपैकी गांधर्व विवाह हा कन्या आणि वर यांच्या परस्पर इच्छेने होतो. तेव्हा या गंधर्वसदृश लोकांच्या प्रेमकथांत इच्छेला स्थान काय, हे पाहण्याचे कुतूहल मला वाटले, तर ते माझ्या व्यवसायाला सोडून नव्हते.

पुस्तके चाळली तेव्हा प्रथमदर्शनी माझी निराशाच झाली. त्यांतील बऱ्याच कथांत एकच कल्पना फिरून फिरून येते. दोन जीवांची जोडी दैवाने आधीच ठरवून ठेवलेली असते. योग्य वेळ आली की दोघांमधला एक अदृश्य धागा ताणला जातो आणि आपण एकमेकांचे आहोत हे त्यांना कळते. मी मुलीला म्हणालो, "पत्रिका जुळवण्याला तुम्ही मुली हसता, आणि तीच गोष्ट इंग्रजीतून आवडीने वाचता. छत्तीस गुणांच्या जागी एक धागा आला, इतकाच काय तो फरक." पुस्तकातून डोके वर न काढता ती म्हणाली, "बाबा, धागा दिसला म्हणून गाठ मारलीच पाहिजे असे कुठे आहे? पुस्तक तर त्याच्या पुढेच सुरू होते."

हा युक्तिवाद सहजासहजी खोडता येण्यासारखा नव्हता. म्हणून एखाद्या दाव्यात मूळ दप्तर मागवावे, तसा मी या कथांच्या उगमाकडे वळलो.

एल्फ या जातीला आज जे रूप प्राप्त झाले आहे, त्यावर सर्वांत खोल ठसा आहे तो ऑक्सफर्ड विद्यापीठातील भाषाशास्त्राचे प्राध्यापक जे. आर. आर. टॉल्किन यांचा. त्यांची 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही तीन खंडांची कादंबरी १९५४-५५ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि तिच्या पाठीमागचे पुराण म्हणता येईल असा 'सिल्मरिलियन' हा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १९७७ मध्ये, त्यांच्या पुत्राने संपादून प्रकाशित केला. या पुराणाच्या गाभ्याशी एक प्रेमकथा आहे, आणि त्या प्रेमकथेच्या गाभ्याशी टॉल्किन यांचे स्वतःचे आयुष्य आहे. १९०८ मध्ये बर्मिंगहॅममधील एका घरात दोन पोरकी मुले भाडेकरू म्हणून राहत होती. तो सोळा वर्षांचा, ती एकोणीस वर्षांची. तिचे नाव इडिथ. मुलाचे पालक एक कॅथलिक धर्मगुरू होते. त्यांनी एकविसावे वर्ष पुरे होईपर्यंत मुलीशी पत्रव्यवहारसुद्धा करावयाचा नाही, अशी सक्त मनाई केली. मुलाने ती पाळली. ३ जानेवारी १९१३ रोजी तो एकवीस वर्षांचा झाला आणि त्याने इडिथला पत्र लिहिले. उत्तर आले की, तू मला विसरलास असे समजून मी दुसऱ्याशी वाङ्निश्चय केला आहे. तो तिला जाऊन भेटला, आणि तिने तो वाङ्निश्चय मोडला. पुढे त्याच्या पंथात येण्यासाठी तिने आपला पंथ सोडला आणि ज्या कुटुंबाच्या आश्रयाला ती राहत होती त्याचा रोष पत्करला. १९१६ मध्ये त्यांचे लग्न झाले. १९१७ मध्ये, युद्धातून आजारी होऊन परतलेल्या टॉल्किनसमोर यॉर्कशायरमधल्या एका रानात, पांढऱ्या फुलांच्या गर्दीत, इडिथ नाचली. त्या दिवसातून लूथिएन जन्मली. आज ऑक्सफर्डच्या वुल्व्हरकोट दफनभूमीत दोघांच्या एकाच शिळेवर इडिथच्या नावाखाली लूथिएन आणि टॉल्किनच्या नावाखाली बेरेन ही नावे कोरलेली आहेत.

या चरित्रात दैव कोठे आहे? एका छपराखाली दोन पोरकी मुले आणून ठेवण्यात आहे. त्यानंतरचे सारे माणसांनी केलेले आहे. आणि त्यातली अधिक किंमत, माझ्या हिशेबाने, इडिथने मोजली आहे.

आता लूथिएनची कथा पाहू. ती एल्फांच्या थिंगोल राजाची कन्या. तिची आई मेलियन देवकोटीतली; तिने आपल्या राज्याभोवती मायेचे कुंपण घातले होते. बेरेन हा मर्त्य माणूस सर्वस्व गमावून रानोमाळ भटकत होता. कथा सांगते की, त्याच्या कपाळी लिहिलेले भवितव्य मेलियनच्या मायेपेक्षाही बलवत्तर होते, म्हणूनच तो कुंपण ओलांडून आत आला. चांदण्यात नाचणारी लूथिएन त्याने पाहिली. तिनेही त्याला पाहिले, आणि तिचे भवितव्य त्या क्षणी ठरले. दैवाचे काम येथवर. पुढे राजाच्या दरबारात प्रकरण उभे राहते. बेरेनला मारणार नाही असे वचन राजाने मुलीला दिलेले असते. तेव्हा तो अट घालतो, की असुरांचा अधिपती जो मॉरगॉथ त्याच्या लोखंडी मुकुटातले एक दिव्य रत्न काढून आण, मग मुलगी तुझी. आपल्या वाचकांना येथे धनुष्यभंगाची आठवण होईल. वाल्मीकींनी सीतेला वीर्यशुल्का म्हटले आहे; पराक्रम हेच जिचे मूल्य, ती. परंतु जनकाला पण जिंकणारा हवा होता, आणि थिंगोलला पण हरणारा. अशक्य अट घालणे म्हणजे नकाराला होकाराचा पोशाख चढवणे होय, हे कोणताही वकील सांगेल.

बेरेन निघून जातो. लूथिएन त्याच्या मदतीला जाऊ पाहते, तेव्हा राजा तिला एका प्रचंड वृक्षावर उंच बांधलेल्या घरात कोंडतो आणि खालच्या शिड्या काढून घेतो. तिच्या रक्षणासाठीच, हे ओघाने आले. लूथिएन मंत्र गाऊन आपले केस वाढवते, त्या केसांचा निद्रा आणणारा काळा शेला आणि दोर विणते, पहारेकऱ्यांना झोपवते आणि खाली उतरते. वाटेत दोन राजपुत्र तिला पकडतात. त्यांच्यातल्या एकाला तिच्याशी बळेच विवाह करावयाचा असतो. हुआन नावाच्या श्वानाच्या साह्याने ती तेथूनही निसटते, मॉरगॉथच्या सेनापतीच्या दुर्गापुढे जाऊन उभी राहते, त्याला शरण आणते आणि अंधारकोठडीतून बेरेनला सोडवते. पुढे मॉरगॉथच्या सिंहासनासमोर गाते तीच. तिच्या गाण्याने त्याला झोप लागते, आणि मग बेरेन रत्न काढतो.

या भागातला एक लहानसा प्रसंग मला फार बोलका वाटला. तिला सोबत न्यावे तर तिच्या जिवाला धोका, असा विचार करून बेरेन एके पहाटे झोपलेल्या लूथिएनला हुआनच्या राखणीत सोडून एकटाच निघून जातो. हे वाचताच मला वनपर्वातला नल आठवला. तोही झोपलेल्या दमयंतीला अरण्यात टाकून जातो, आणि माझ्यामागे हालअपेष्टा सोसण्यापेक्षा ती माहेरी सुखाने राहील, असे स्वतःला समजावतो. दोन देशांतल्या दोन कवींना एकच गोष्ट कळली होती. स्त्रीच्या वतीने निर्णय घेणारा नेहमी कठोर पिताच असतो असे नाही. जिवापाड प्रेम करणारा पुरुषही तिला न विचारता तिचे हित ठरवून मोकळा होतो. लूथिएन त्याच्या मागोमाग निघते. दमयंती दुसऱ्या स्वयंवराची आवई उठवून नलाला शोधून काढते. दोघींचेही उत्तर एकच आहे: माझे हित तू ठरवलेस, पण मला विचारून ठरवले नाहीस.

अखेर बेरेन मरतो. लूथिएनचा आत्मा मृतांचा अधिपती मांडोस याच्यापुढे जातो आणि गातो. पूर्वी कधी न द्रवलेला तो देव द्रवतो. तिच्यापुढे दोन मार्ग ठेवले जातात. देवांच्या भूमीत दुःखरहित, अनंत आयुष्य जगावे, पण बेरेनवाचून. किंवा त्याच्याबरोबर पृथ्वीवर परतावे, पण मर्त्य होऊन, थोड्या वर्षांसाठी, आणि दुसऱ्यांदा कायमचे मरावयाचे या बोलीवर. ती दुसरा मार्ग निवडते.

सावित्रीचे आख्यान ज्यांनी ऐकले आहे त्यांना हे सारे ओळखीचे वाटल्यावाचून कसे राहील? मला मात्र साम्याइतकेच दोघींच्या साधनांतले अंतर मोलाचे वाटते. लूथिएनने मृत्युदेवाला गाण्याने जिंकले; सावित्रीने वादाने. तिचा यमाशी झालेला संवाद हा वकिलाने वारंवार वाचावा असा आहे. सत्यवानाच्या प्राणांवाचून काहीही माग, असे यम पहिल्या चारही वरांच्या वेळी अट घालून म्हणतो. ती सासऱ्याची दृष्टी मागते, त्याचे राज्य मागते, पित्याला शंभर पुत्र मागते, आणि चौथ्या वेळी सत्यवानापासून स्वतःला शंभर पुत्र मागते. यम देतो. पाचव्या वराच्या वेळी ती अट त्याच्या बोलण्यात येत नाही. सावित्री ते अचूक हेरते आणि म्हणते की, या वेळी तुम्ही अपवाद ठेवलेला नाही. शिवाय पतीवाचून तुमचा चौथा वर खरा कसा ठरावा? यमधर्म स्वतःच्या शब्दाने बांधला गेला. असा युक्तिवाद आमच्या न्यायालयांत रोज ऐकू येत नाही.

परंतु तिच्या स्वातंत्र्याचे खरे स्थान याच्याही आधी आहे. मद्रदेशाच्या अश्वपती राजाने आपल्या कन्येला स्वतःचा वर स्वतः शोधण्यासाठी रथातून पाठवले. तिने वनवासी सत्यवान निवडला. नारदांनी सांगितले की, हा बरोबर एका वर्षाने मरेल. पित्याने दुसरा वर पाहण्यास सुचवले. तिने नकार दिला. कायद्याच्या भाषेत जाणून-बुजून दिलेली संमती म्हणतात ती हीच. तिला तारखेसह सर्व ठाऊक होते. दैव तिच्यापासून लपवलेले नव्हते, आणि दैव ठाऊक झाल्यावरही निर्णय तिचाच राहिला.

दमयंतीचे स्वयंवर तर याहून सूक्ष्म आहे. चार देव नलाचे रूप घेऊन सभेत बसले. तिने त्यांना ओळखले ते त्यांच्यात जे नव्हते त्यावरून. त्यांना घाम नव्हता, त्यांच्या पापण्या लवत नव्हत्या, माळा कोमेजत नव्हत्या, पाय भूमीला टेकत नव्हते, सावली पडत नव्हती. पाचव्याला घाम होता, धूळ होती, सावली होती. तिने सावली असलेल्याच्या गळ्यात माळ घातली. टॉल्किनच्या एल्फ-कन्या हेच करतात. अमरत्व समोर असताना त्या सावली पडणाऱ्या माणसाला वरतात. आपल्या मर्त्य आयुष्याचा याहून मोठा गौरव कोणी केला असेल असे मला वाटत नाही.

येथे आमच्या गोव्यातली एक गोष्ट सांगावीशी वाटते. येथील अनेक देवळांत देवाला कौल लावण्याची जुनी रीत आहे. मूर्तीला फुलांच्या पाकळ्या लावतात, मनातला प्रश्न देवापुढे मांडतात, आणि पाकळी उजवीकडची पडते की डावीकडची यावरून देवाची आज्ञा समजून घेतात. आमच्या नात्यातील एका मुलीचे स्थळ असेच देवापुढे ठेवले गेले. उजवा प्रसाद झाला. घरात आनंदीआनंद झाला, बोलणी पुढे सरकू लागली. तेव्हा कोपऱ्यात वाती वळत बसलेली माझी वृद्ध आत्या कोंकणीत म्हणाली, "देवाक विचारलें, पूण चलयेक विचारलें?" मुलीला मग बोलावले गेले. ती होय म्हणाली, आणि तिचा संसारही चांगला झाला. आत्याचे बोलणे मात्र माझ्या मनातून गेले नाही. देवाच्या उत्तराविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु देव विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देतो. "हे स्थळ करावे काय?" हा पित्याचा प्रश्न. "मी याच्याबरोबर जन्म काढावा काय?" हा कन्येचा प्रश्न. दोन्ही प्रश्नांना एकच पाकळी पुरत नाही.

दैवाचे नाव पुढे करून पुरुषाने स्वतःच रचलेला योग कसा असतो, हेही टॉल्किनने दाखवले आहे, आणि तितक्याच परखडपणे. अरेधेल ही एल्फांच्या राजकुळातली स्त्री. भावाच्या गुप्त, सुरक्षित नगरीत तिचा जीव रमेना, म्हणून त्याच्या इच्छेविरुद्ध ती बाहेर पडली. एका काळोख्या अरण्यात एओल नावाचा एल्फ राहत होता. त्याने तिला दुरून पाहिले आणि रानातल्या वाटांवर असे मंत्र टाकले की तिला बाहेरची वाट सापडेना. प्रत्येक पाऊल तिला त्याच्याच दाराकडे आणू लागले. थकून ती त्याच्या दारी पोहोचली. त्याने स्वागत केले; लग्न झाले. कथाकार म्हणतो की ती अगदीच नाखूष होती असे नाही. तिला त्या भेटीत योगायोग दिसला असेल, दैवही दिसले असेल. पुढे त्याने तिला सूर्यप्रकाशाची बंदी केली, माहेरच्यांना भेटण्याची बंदी केली. वर्षांनंतर ती मुलाला घेऊन पळाली. तो माग काढीत आला, आणि आपल्या हक्काच्या नावाने मुलावर फेकलेला त्याचा विषारी भाला तिने स्वतःच्या अंगावर घेतला.

१८७२ च्या भारतीय करार कायद्याचे चौदावे कलम सांगते की जबरदस्ती, अवाजवी दडपण, कपट, खोटे निवेदन किंवा चूक यांमुळे दिलेली संमती ही मुक्त संमती नव्हे. ज्या बाईच्या परतीच्या साऱ्या वाटा आधीच पुसून टाकल्या, तिचा होकार या पाचांपैकी कोणत्या सदरात घालावा हे वाचकांनीच ठरवावे. आणि अशी अरण्ये केवळ कथेत असतात असेही नाही. रखमाबाईंचे लग्न त्या अकरा वर्षांच्या असताना झाले होते. नांदावयास जाण्याचे त्यांनी नाकारल्यावर पतीने मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. अपिलानंतर तो फिरला, आणि १८८७ मध्ये पतीकडे जा, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद भोगा, असा हुकूम झाला. त्यांनी कैद पत्करण्याची तयारी कळवली. १८८८ मध्ये तडजोडीने प्रकरण मिटले, रखमाबाई इंग्लंडला गेल्या आणि डॉक्टर होऊन परतल्या. ज्या गाठीवर आपली सही नव्हती ती त्यांनी मानली नाही, इतकेच त्यांचे म्हणणे होते.

आता माझ्या कन्येच्या उशाकडे वळू. तिथल्या चळतीत सर्वांत वर होती ती अमेरिकन लेखिका सारा जे. मास यांची २०१५ मध्ये सुरू झालेली मालिका. तिची नायिका फेरा ही शिकार करून घर चालवणारी गरीब मुलगी. तिच्यावर प्रेम करणारा टॅमलिन हा सामर्थ्यवान फे तिच्या सुरक्षिततेच्या काळजीने तिला एके दिवशी वाड्यात मंत्राने कोंडतो. थिंगोलचा वृक्ष शंभर वर्षांनी पुन्हा उगवला, असे म्हणावयास हरकत नाही. मात्र या वेळी शिडी काढणारा पिता नसून वाग्दत्त वर आहे. ती तेथून निघते. पुढे तिला कळते की दैवाने जोडलेला तिचा जोडीदार दुसराच, रीसँड, आणि त्याला ही गोष्ट आधीपासून ठाऊक असून त्याने ती सांगितलेली नाही. ती रागावते आणि एकटी दूर जाऊन राहते. या कल्पित जगाचा नियम असा की, दैवाने धागा दाखवला तरी स्त्रीने आपल्या हाताने जोडीदाराला अन्न वाढल्यावाचून गाठ पक्की होत नाही. ती ते अन्न वाढते, पण आपल्या वेळेला आणि आपला प्रश्न विचारून झाल्यावर. रीसँडचे आईबाप दैवाने जोडलेले असूनही एकमेकांना मानवले नव्हते, हेही लेखिका स्पष्ट सांगते. दैव जुळवते ते नेहमी हिताचेच असते, असा दावा तिने केलेला नाही.

या कादंबऱ्यांत सारेच मला रुचले असे म्हणता येणार नाही. शृंगाराची वर्णने आमच्या पिढीच्या मर्यादेला पेलणारी नाहीत. शिवाय दैव ज्याच्याशी नायिकेची गाठ दाखवते तो बहुधा सर्वांत रूपवान आणि सर्वांत बलाढ्य असतो. त्यामुळे तिच्या होकाराची फारशी कसोटीच लागत नाही. नकाराचा हक्क वापरून पाहिल्यावाचून होकाराची किंमत कळत नाही. या दृष्टीने त्या मालिकेतली फेराची बहीण इलेन मला अधिक लक्षणीय वाटली. तिचाही जोडीदार दैवाने दाखवला आहे, माणूस वाईट नाही, तरी ती ती गाठ स्वीकारीत नाही. २०२१ मध्ये आलेल्या खंडापर्यंत लेखिकेने तिचे मौन मोडलेले नाही. माझ्या मुलीच्या मैत्रिणींत सर्वांत अधिक वाद होतो तो याच इलेनवरून, असे ऐकतो. दैवाला नाही म्हणावे काय, आणि म्हटले तर पुढे काय, हा वाद एकोणीस-वीस वर्षांच्या मुली करीत असतील, तर त्यांच्या हातातले पुस्तक काढून घेण्याचे मला कारण दिसत नाही.

मात्र स्वतंत्र निवड केली म्हणजे सुख हाती आलेच, असे जी कथा सांगेल ती खोटी. टॉल्किनने तसे सांगितलेले नाही. लूथिएनच्या वंशातली आर्वेन आरागॉर्न या मर्त्य राजासाठी अमरत्व सोडते. तिचा पिता एल्रॉन्ड अडवीत नाही. तो अट घालतो, ती पुरी होते, आणि तो कायमचा वियोग स्वीकारतो. एकशेवीस वर्षे ती दोघे सुखाने राज्य करतात. मग राजा मरतो. आपण काय निवडले होते याची पुरती चव आर्वेनला तेव्हा कळते. आप्त सारे समुद्रापार गेलेले, परतण्याचे जहाज उरलेले नाही. जेथे तिने एकेकाळी वचन दिले होते त्या ओसाड टेकडीवर ती एकटी जाऊन पडते आणि देह ठेवते. अशिलांना मी हेच सांगत आलो आहे. संमतीने दुःख टळत नाही. पण लादलेल्या गाठीतून आलेल्या दुःखात माणूस आयुष्यभर दुसऱ्याला दोष देत राहते, आणि स्वतः मारलेल्या गाठीतले दुःख ते आपले म्हणून सोसू शकते. हा भेद न्यायालयाच्या व्हरांड्यात बसलेल्या बायकांच्या चेहऱ्यांवर वाचता येतो.

आमच्या गोव्याच्या कायद्यात या सवडीला जागा आहे. १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेवर आणि १९१० च्या विवाहविषयक कायद्यावर उभी असलेली पद्धत येथे आजही चालते. वधूवरांनी निबंधकापुढे प्रथम इरादा नोंदवावयाचा, आणि मध्ये काही दिवस गेल्यावर पुन्हा येऊन तो कायम करावयाचा. लोक त्यांना पहिली सही आणि दुसरी सही म्हणतात. दोन सह्यांमधले दिवस हरकती ऐकण्यासाठी आहेत, असे कायद्याची पुस्तके म्हणतात. मला वाटते ते कन्येने स्वतःला विचारून पाहण्यासाठीही असावेत.

थिंगोलच्या आसनावर बसण्याची पाळी प्रत्येक पित्यावर येते. माझ्यावरही आज ना उद्या येईल. त्या दिवशी काळजी वाटणार नाही, असे मी म्हणणार नाही. काळजी हाच त्या आसनाचा धर्म आहे. कौल लावावा, पत्रिकाही पाहाव्या. परंतु त्याआधी अश्वपतीप्रमाणे तिला रथ द्यावा आणि नारद जे सांगतील ते तिच्यासमक्ष ऐकावे, इतके तरी पित्याला करता येते. ज्येष्ठी पौर्णिमेला आमच्या घरच्या बायका वडाला सूत गुंडाळतात आणि सावित्रीची कहाणी सांगतात. मुली शेजारी बसलेल्या असतात. त्या वेळी तिने दुसरा वर पाहण्यास दिलेला नकार आणि पाचव्या वराची ती वकिली या दोन गोष्टी कहाणीतून गळणार नाहीत, एवढे सांगणाऱ्यांनी पाहावे.